मॅक्रॉन यांचा मध्यममार्गी पक्ष आणि फ्रान्सची पडती सरकारं

प्रश्न असा आला आहे : "इमॅन्युएल मॅक्रॉन यांचा पक्ष मध्यममार्गी आहे. टोकाच्या पक्षांमुळे अस्थिरता येते हे समजू शकतं. पण मधल्या पक्षाच्या राज्यात फ्रान्सचे पंतप्रधान असे पटापट का बदलले? दोष पक्षाचा, राज्यघटनेचा की एका माणसाचा? आणि २०२७ नंतर हा पक्ष उरेल का?"

मी बरीच वर्षं पॅरिसमध्ये राहून भारतीय कंपन्यांसाठी फ्रेंच संसद आणि अर्थसंकल्प यांवर टिपणं लिहितो. त्यामुळे भाषणांपेक्षा मतमोजणीकडे माझं लक्ष जास्त असतं, तेवढं धरून वाचा. दोष तिघांचाही आहे, पण सारख्या वाट्याने नाही. सगळ्यात मोठा वाटा पक्ष कसा जन्मला याचा. फ्रान्समध्ये समाजवादी आणि उजवे यांच्यात सत्ता आलटून-पालटून फिरत असे. मॅक्रॉन यांनी हे दोन्ही पक्ष आतून पोखरले आणि त्या मालमसाल्यावर स्वतःचा पक्ष उभारला. राज्य करायला एक पक्ष मिळाला, पण लोक त्याला कंटाळले की सत्ता सोपवायची कुणाकडे, याचं उत्तर फक्त दोन टोकांवर उरलं. त्यानंतर जे घडलं त्यातलं बरंचसं याच एका गोष्टीतून निघतं.

थोडं मागे जावं लागेल. १९४६ ते १९५८ या चौथ्या प्रजासत्ताकाच्या १२ वर्षांत फ्रान्सने २० हून अधिक सरकारं पाहिली. त्या काळात एकीकडे कम्युनिस्ट, दुसरीकडे जनरल द गॉलचे समर्थक आणि मधोमध समाजवादी, ख्रिस्ती लोकशाहीवादी, रॅडिकल (नाव जहाल, पण पक्ष मधला) अशांची मोट. मधल्यांना राज्य करायचं असे आणि दोन्ही टोकं मिळून त्यांना पाडत. टोकांचं आपसात काहीच जमत नसे, पण पाडायला जमण्याची गरजही नसते. १९५८ मध्ये द गॉल यांनी जी राज्यघटना आणली, ती नेमकी या दुखण्यावरचं औषध होती. राष्ट्राध्यक्ष बळकट, १९६२ च्या सार्वमतानंतर थेट जनतेतून निवडलेला. सरकार पाडणं अवघड. लोकसभेच्या तोडीच्या नॅशनल असेंब्लीसाठी दोन फेऱ्यांची बहुमतवादी निवडणूक, म्हणजे दुसऱ्या फेरीत मतदाराला डावं किंवा उजवं यांतलं एक निवडावंच लागे.

या रचनेत मध्यममार्गी लोक होते, पण त्यांचा स्वतंत्र संसार नव्हता. व्हालेरी जिस्कार देस्तँ १९७४ मध्ये ५०.८ टक्क्यांनी राष्ट्राध्यक्ष झाले ते उजव्यांच्या जोरावर, आणि १९७८ मध्ये त्यांच्या समर्थकांनी काढलेला यूडीएफ हा पक्ष पुढे बहुतेक काळ गॉलवाद्यांच्या बरोबरीने, खरं तर त्यांच्या मागून, चालला. याच पक्षाचे फ्रान्स्वा बायरू यांनी २००७ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत एकट्याने लढून १८.५७ टक्के मिळवले, तेव्हा पॅरिसच्या वर्तमानपत्रांत मोठी खळबळ झाली. दोन महिन्यांनी त्यांचे बहुतेक खासदार नवे उजवे राष्ट्राध्यक्ष निकोला सार्कोझी यांच्या आघाडीत जाऊन बसले आणि बायरूंकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. दुसऱ्या फेरीत मधल्याला जागा नसते, हा धडा तेव्हा सगळ्यांना पाठ होता.

मॅक्रॉन यांनी तो मोडला, पण त्यासाठी परिस्थितीही तशीच जुळून यावी लागली. समाजवादी राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा ओलांद यांच्या सरकारात ते २०१४ ते २०१६ अर्थमंत्री होते. ६ एप्रिल २०१६ रोजी आपल्या जन्मगावी, आमियाँला, त्यांनी 'आँ मार्श' ही चळवळ जाहीर केली. ओलांद इतके अप्रिय झाले की त्यांनी पुन्हा उभं राहायचंच नाकारलं. उजव्यांचे फ्रान्स्वा फियों पत्नीला दाखवलेल्या नाममात्र नोकरीच्या प्रकरणात सापडले. २०१७ च्या पहिल्या फेरीचे आकडे बघा : मॅक्रॉन २४, टोकाच्या उजव्या मरीन ल पेन २१.३, फियों २०, टोकाचे डावे झाँ-ल्युक मेलाँशाँ १९.६ टक्के. चार उमेदवार जवळजवळ एका रांगेत. दुसऱ्या फेरीत समोर ल पेन असल्यामुळे मॅक्रॉन यांना ६६ टक्के मिळाले. लगेच महिन्याभरात असेंब्लीची निवडणूक झाली आणि नव्या पक्षाला ५७७ पैकी ३०८ जागा, बायरूंच्या मोडेम पक्षासह ३५० जागा मिळाल्या. त्या दुसऱ्या फेरीत मतदान किती झालं होतं? ४३ टक्केसुद्धा नाही. निकालाच्या रात्री टीव्हीवर 'लाट' हा शब्द सतत वापरला जात होता. पहिल्या फेरीतल्या २४ टक्क्यांवर ३५० जागांची इमारत चढवली होती. ती कुणी धक्का दिल्यावर हलणार, हे त्याच रात्री गणितात दिसत होतं.

आता पक्षाकडे पाहू. सदस्यत्व फुकट, संकेतस्थळावर नाव नोंदवलं की झालं. निम्मे उमेदवार राजकारणाबाहेरचे देऊ असं जाहीर केलं होतं आणि तसे दिलेही : डॉक्टर, उद्योजक, शिक्षक, एक नामांकित गणितज्ञ. पहिले पंतप्रधान एदुआर फिलीप उजव्या पक्षातून आणले, ल आव्र या बंदराच्या शहराचे महापौर. अर्थखातंही उजव्या ब्रुनो ल मेर यांच्याकडे गेलं. समाजवाद्यांतले कितीतरी लोक आपणहून आले. जुन्या समाजवादी पक्षाची अवस्था अशी झाली की पॅरिसच्या सोल्फेरिनो रस्त्यावरचं प्रसिद्ध मुख्यालय विकावं लागलं. २०२२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांच्या उमेदवार, पॅरिसच्या महापौर आन इदाल्गो, १.७५ टक्क्यांवर थांबल्या. उजव्यांच्या व्हालेरी पेक्रेस ४.७८ वर. पाच टक्क्यांखाली गेलं की सरकार प्रचारखर्चाची मोठी परतफेड देत नाही, त्यामुळे पेक्रेसबाईंना निकालानंतर लोकांकडे वर्गणी मागावी लागली. पाच वर्षांपूर्वीपर्यंत हे दोन पक्ष आलटून-पालटून देश चालवत होते!

ज्या पक्षाने हे केलं, त्याला मात्र गावात मूळ धरता आलं नाही. २०२० च्या पालिका निवडणुकांत मोठी शहरं त्यांच्या हाती आलीच नाहीत. लियों, बोर्दो, स्ट्रासबूर्ग पर्यावरणवाद्यांकडे गेली. पॅरिसमध्ये अधिकृत उमेदवाराला मध्येच माघार घ्यावी लागली, बदली उमेदवार तिसऱ्या क्रमांकावर आल्या, आणि तो गणितज्ञ खासदार, सेद्रिक व्हिलानी, बंडखोर म्हणून उभा राहिला. २०२१ च्या प्रादेशिक निवडणुकांत एकही प्रदेश मिळाला नाही. फ्रान्समध्ये महापौराला जो मान आहे, तो आपल्याकडे पंचायत समिती ते आमदार या सगळ्या साखळीत विभागलेला असतो. खासदार मतदारसंघात येतो-जातो, महापौर रोज बाजारात भेटतो. ज्या पक्षाकडे महापौर नाहीत त्याला वाईट दिवसांत कुणी आधार देत नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात इंधनावरच्या करामुळे पिवळ्या जॅकेटवाल्यांचं आंदोलन पेटलं. गावोगावच्या चौकांत माणसं आठवडेच्या आठवडे बसली होती आणि सरकारला तिथे काय चाललंय हे सांगणारा स्वतःचा माणूस नव्हता. मग मॅक्रॉन स्वतः गावोगाव सभा घेत फिरले, तासन्‌तास महापौरांशी बोलले. ते महापौर बहुतेक दुसऱ्याच पक्षांचे, किंवा कुठल्याच पक्षाचे नाहीत.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे हमखास पडणारा एक प्रश्न : खासदार फुटले की त्यांची खासदारकी जात नाही का? नाही. फ्रान्समध्ये पक्षांतरबंदी कायदाच नाही. उलट घटनेचं २७ वं कलम सांगतं की खासदाराचं मत त्याचं स्वतःचं आहे, त्याला कुणी आदेशाने बांधू शकत नाही. दहाव्या परिशिष्टावरून विधानसभा अध्यक्ष आणि सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षं चाललेला वाद आपण पाहिला आहे. इथे तो प्रकारच संभवत नाही. एखाद्याला दुसऱ्या गटात बसायचं असेल तर तो उठून बसतो. मे २०२० मध्ये मॅक्रॉन यांच्या पक्षातल्या डाव्या विचारांच्या काही खासदारांनी वेगळा गट केला, त्यात व्हिलानीही होते, आणि पक्षाचा आकडा २८८ वर आला. बहुमताला २८९ लागतात. मोडेम सोबत असल्याने सरकारला धोका नव्हता, पण ज्यांनी ३०८ च्या घोषणा दिल्या होत्या त्यांच्या पक्षाचं स्वतःचं बहुमत तीन वर्षांत एका मताने गेलं होतं.

खरी घसरण २०२२ पासून. मॅक्रॉन पुन्हा निवडून आले, ५८.५५ टक्क्यांनी, पण पुन्हा समोर ल पेन होत्या आणि ही मतं बरीचशी उसनी होती. दोनेक महिन्यांनी असेंब्लीत त्यांच्या आघाडीला २४५ जागा मिळाल्या, ल पेन यांच्या नॅशनल रॅलीला ८९. पाच वर्षांपूर्वी त्या पक्षाचे आठ खासदार होते. बहुमत नसलेल्या या सभागृहात पंतप्रधान एलिझाबेथ बोर्न यांनी घटनेच्या ४९ व्या कलमातलं तिसरं उपकलम एकूण २३ वेळा वापरलं. या उपकलमाने सरकार विधेयकावर मतदान न घेताच ते संमत झाल्याचं जाहीर करू शकतं. विरोधकांनी २४ तासांत अविश्वास ठराव आणून तो जिंकला, तरच विधेयक आणि सरकार दोन्ही जातात. निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करणारा कायदा मार्च २०२३ मध्ये असाच आला. अविश्वास ठराव नऊ मतांनी पडला. कायदा वाचला, पण रस्त्यावर लाखोंचे मोर्चे, कचऱ्याचे ढीग, आणि कामगार संघटनांच्या मनातली ती गाठ आजतागायत सुटलेली नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात स्थलांतराचा कायदा उजव्यांच्या अटींवर संमत करून घेतला तेव्हा मॅक्रॉन यांच्या स्वतःच्या आघाडीतल्या अनेकांनी विरोधी मत दिलं किंवा तटस्थ राहिले, आणि आरोग्यमंत्री ओरेलियाँ रूसो राजीनामा देऊन बाहेर पडले. 'डावंही आणि उजवंही' ही मूळ घोषणा आता प्रत्येक विधेयकागणिक 'यांतलं कुठलं?' असा प्रश्न होऊन परत येऊ लागली होती.

मग ९ जून २०२४. युरोपीय संसदेच्या निवडणुकीत नॅशनल रॅलीला ३१ टक्क्यांहून थोडी जास्त मतं, मॅक्रॉन यांच्या यादीला १४.६. त्या निवडणुकीने असेंब्लीतली एक खुर्चीही इकडची तिकडे होणार नव्हती. तरी त्याच रात्री मॅक्रॉन यांनी असेंब्ली बरखास्त केली. हा निर्णय मी चुकीचा मानतो, आणि तो केवळ निकालामुळे नाही. २४५ जागांचं अल्पमत कसंबसं चाललेलं होतं. अर्थसंकल्पावर शरद ऋतूत अडचण येणार हे दिसत होतं, पण ती अडचण विरोधकांनी आणली असती तर बरखास्तीला कारण तरी मिळालं असतं. राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी १९९७ मध्ये असंच, तेही बहुमत असताना, सभागृह मोडलं होतं आणि पुढची पाच वर्षं समाजवादी लियोनेल जोस्पँ यांना पंतप्रधान म्हणून सहन केलं होतं. निदान जोस्पँ यांच्याकडे बहुमत होतं. २०२४ ला तेवढंही कुणाकडे उरलं नाही.

७ जुलैच्या दुसऱ्या फेरीनंतर सभागृह तीन तुकड्यांत आलं. डाव्यांची नवी आघाडी १८० च्या आसपास, मॅक्रॉन यांची आघाडी १६० च्या पुढे, नॅशनल रॅली आणि तिचे मित्र १४० च्या वर, आणि कडेला पारंपरिक उजवे. पहिल्या फेरीत नॅशनल रॅली पुढे होती. दोन फेऱ्यांच्या मध्ये डाव्या आणि मधल्या मिळून २०० हून अधिक उमेदवारांनी एकमेकांसाठी माघार घेतली म्हणून ती तिसरी आली. या माघारीचा परिणाम पुढे दोन वर्षं पुरला आहे. मॅक्रॉन यांचा खासदार डाव्यांच्या मतांवर निवडून आला, समाजवादी खासदार कुठे मेलाँशाँवाद्यांच्या तर कुठे मधल्यांच्या मतांवर. प्रत्येकाचं बहुमत 'कुणाला तरी थांबवा' यासाठी मिळालेलं. 'अमुक करा' यासाठी फार थोड्यांना मिळालेलं. अशा सभागृहातून सरकारचा कार्यक्रम काढायचा म्हणजे कुणाला तरी आपल्या मतदाराकडे पाठ फिरवावी लागते.

डाव्यांनी पंतप्रधानपदासाठी लुसी कास्ते यांचं नाव दिलं, मॅक्रॉन यांनी नाकारलं. ऑलिंपिक होऊन गेलं, काळजीवाहू सरकार सात आठवडे राहिलं, आणि ५ सप्टेंबरला पारंपरिक उजव्यांचे मिशेल बार्निए पंतप्रधान झाले. निवडणुकीत चौथा आलेला पक्ष सरकारच्या शिरोभागी! तीन महिन्यांत, ४ डिसेंबर २०२४ रोजी, ३३१ मतांनी ते पडले. अविश्वास ठरावाने सरकार पडण्याची ही १९६२ नंतरची पहिली वेळ. त्यानंतर बायरू. त्यांनी ४४ अब्ज युरोंची काटकसर सुचवली, दोन सार्वजनिक सुट्ट्या रद्द करू म्हणाले आणि ८ सप्टेंबर २०२५ रोजी स्वतःहून विश्वासमत मागून ३६४ विरुद्ध १९४ ने हरले. पुढे सेबास्तियाँ लकोर्नू. त्यांनी ५ ऑक्टोबरच्या रात्री मंत्रिमंडळ जाहीर केलं. जुने अर्थमंत्री ल मेर यांना परत आणलेलं पाहून उजव्यांचे ब्रुनो रतायो भडकले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लकोर्नू यांनी राजीनामा दिला. चार दिवसांनी मॅक्रॉन यांनी पुन्हा त्यांनाच नेमलं. बार्निए यांच्या आधीचे गाब्रिएल आताल धरले तर जानेवारी २०२४ पासून २० महिन्यांत चार नवे पंतप्रधान. मॅक्रॉन यांच्या पहिल्या पाच वर्षांत मिळून दोनच झाले होते.

मी टिपणं लिहिताना बातमीच्या मथळ्याआधी जे पाहतो ते आता सांगतो, कारण इथेच बरेच भाष्यकार गोंधळतात. अविश्वास ठरावात फक्त ठरावाच्या बाजूची मतं मोजली जातात. तटस्थ राहणारा, गैरहजर असणारा सरकारच्या बाजूने धरला जातो. म्हणून सरकारला बहुमत लागत नाही. विरोधकांना २८९ जमू नयेत एवढंच लागतं. समाजवादी पंतप्रधान मिशेल रोकार यांनी १९८८ ते १९९१ या काळात बहुमताविना तीन वर्षं काढली आणि तेच ४९ वं कलम २८ वेळा वापरलं. १९९० मध्ये अविश्वास ठराव पाच मतांनी हुकला. ते टिकले कारण त्यांच्या डावीकडचे कम्युनिस्ट आणि उजवीकडचे उजवे सहसा एकत्र मत देत नसत. २०२४ नंतर उलट झालं. मेलाँशाँ यांचे खासदार ल पेन यांच्यासोबत मत द्यायला तयार, ल पेन यांचे डाव्यांनी लिहिलेल्या ठरावाला हात वर करायला तयार. दोन टोकांची बेरीज २०० च्या वर जाते, आणि पर्यावरणवादी व कम्युनिस्ट धरले की २७० च्या आसपास. मग उरतात ६०-७० समाजवादी. ते ठरावाला मत देतील की नाही, यावर सरकार आज आहे की नाही ते ठरतं. बार्निए यांच्या वेळी त्यांनी दिलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये लकोर्नू यांनी निवृत्तीवयाची सुधारणा पुढच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीपर्यंत थांबवतो असं सांगितलं, समाजवाद्यांनी हात आखडता घेतला, ठराव २७१ वर अडला. १८ मतं कमी.

म्हणजे ज्या सुधारणेसाठी मॅक्रॉन यांनी २०२३ मध्ये अख्खा देश अंगावर घेतला, ती त्यांच्याच पंतप्रधानाने सरकार वाचवायला स्थगित केली. डिसेंबर २०२५ मध्ये सामाजिक सुरक्षेचा अर्थसंकल्प समाजवाद्यांच्या मतांनी, दहा-पंधरा मतांच्या फरकाने संमत झाला. मॅक्रॉन यांचे पूर्वीचे पंतप्रधान फिलीप यांचा पक्ष त्या वेळी बहुतांशी तटस्थ राहिला. मुख्य अर्थसंकल्प वर्ष संपेपर्यंत झालाच नाही. विशेष कायद्याने जुन्या वर्षाची तरतूद पुढे चालवावी लागली, आणि जे उपकलम वापरणार नाही असं लकोर्नू म्हणाले होते तेच जानेवारी २०२६ मध्ये वापरून फेब्रुवारीच्या सुरुवातीला तो पार पडला.

भांडण सतत अर्थसंकल्पावरच का येतं, याचं उत्तर साधं आहे : पैसा नाही. २०२४ ची तूट देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपीच्या) ५.८ टक्के होती, युरोपीय संघाची मर्यादा तीन. कर्ज ३,३०० अब्ज युरोंच्या पलीकडे. यात कोविडकाळातला खर्च आहे, ऊर्जेच्या किमतींवरची सवलत आहे, आणि २०१७ नंतर कमी केलेले करही आहेत : कंपनीकर ३३ वरून २५ टक्क्यांवर, संपत्तीकराच्या जागी फक्त स्थावर मालमत्तेवरचा कर. डावे म्हणतात ते कर परत लावा. १० कोटी युरोंहून अधिक संपत्तीवर किमान दोन टक्के कर, हा अर्थशास्त्रज्ञ गाब्रिएल झुकमान यांचा प्रस्ताव २०२५ च्या फेब्रुवारीत असेंब्लीत संमत झाला आणि जूनमध्ये सिनेटने फेटाळला. उजवे म्हणतात खर्च कापा. मॅक्रॉन यांचा पक्ष कर वाढवू शकत नाही, कारण करकपात हीच त्याची ओळख. आणि खर्च कापू शकत नाही, कारण त्याला मतं नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्रान्सच्या रोख्यांवरचा व्याजदर काही काळ ग्रीसच्या वर गेला. २०२५ च्या सप्टेंबरात फिचने पतमानांकन उतरवलं, ऑक्टोबरात एस अँड पीनेही. माझ्या ग्राहकांचे फोन वाढतात ते अशा दिवशी. सरकार पडल्याच्या दिवशी फारसं कुणी विचारत नाही. जैतापूरच्या अणुप्रकल्पासाठी तांत्रिक-व्यापारी प्रस्ताव देणारी ईडीएफ ही कंपनी पूर्णपणे फ्रेंच सरकारच्या मालकीची आहे. त्यामुळे पॅरिसच्या तिजोरीची तब्येत ही रत्नागिरी जिल्ह्याच्याही कानावर पडावी अशी गोष्ट आहे.

मग जर्मनीसारखी लेखी आघाडी का होत नाही? 'फ्रेंचांना तडजोड जमत नाही' हे उत्तर मला आळशीपणाचं वाटतं. याच फ्रान्समध्ये महापालिका आणि प्रादेशिक परिषदांत आघाड्या रोज चालतात. राष्ट्रीय पातळीवर अडसर दोन आहेत. एक, दोन फेऱ्यांची निवडणूक पद्धत : आज मॅक्रॉन यांच्यासोबत करारावर सही करणाऱ्या समाजवाद्यासमोर उद्या पहिल्याच फेरीत मेलाँशाँवाद्यांचा उमेदवार उभा राहतो, आणि त्याची खासदारकी तिथेच संपते. प्रमाणशीर प्रतिनिधित्व असतं तर त्याला ही भीती नसती. बायरू यांनी ते आणण्याची भाषा आयुष्यभर केली आणि पंतप्रधान झाल्यावर ते काही पुढे सरकवलं नाही. दुसरा अडसर म्हणजे राष्ट्राध्यक्षपद. पंतप्रधान पडतो, राष्ट्राध्यक्ष राहतो, आणि सगळ्या मोठ्या नेत्यांना तीच खुर्ची हवी असते. सरकारात गेलेला माणूस त्या शर्यतीत डाग घेऊन उतरतो. रतायो यांना हे २०२५ मध्ये उमगलं. आतालांनाही उमगलं : ऑक्टोबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांचे निर्णय आता आपल्याला कळत नाहीत, असं ते जाहीरपणे म्हणाले, आणि ते त्यांच्याच पक्षाचे प्रमुख आहेत. फिलीप त्याहून पुढे गेले. अर्थसंकल्प झाला की मॅक्रॉन यांनी मुदतीआधी पायउतार व्हावं, असं त्यांनी सुचवलं.

राज्यघटनेला म्हणूनच मी अर्धाच दोष देतो. चौथ्या प्रजासत्ताकाच्या दुखण्यावर तिने औषध दिलं, पण ते औषध सभागृहात दोनच गट असतील असं गृहीत धरतं. तीन गट झाले की दुसऱ्या फेरीत तिरंगी लढती होतात, माघारी घेतल्या जातात, आणि निकालाचा अर्थ कुणालाच नीट लावता येत नाही. मॅक्रॉन यांच्या स्वभावाला दोष देणारे खूप आहेत आणि बरखास्तीपुरता तो मीही देतो. पण समजा त्यांच्या जागी एखादा नम्र, ऐकून घेणारा मध्यममार्गी असता, तरी २०१७ मध्ये तो दोन्ही पक्ष गिळूनच जिंकला असता आणि पाच-सात वर्षांनी याच जागी येऊन थांबला असता.

पक्षाचं पुढे काय? २०२२ मध्ये नाव बदलून तो 'रनेसाँस' झाला. मॅक्रॉन यांना सलग तिसऱ्यांदा उभं राहता येत नाही. २००८ च्या घटनादुरुस्तीने ती दारं बंद आहेत. आताल यांच्याकडे संघटना आहे, फिलीप यांच्याकडे २०२१ मध्ये काढलेला 'होरायझन्स' हा वेगळा पक्ष आणि ल आव्र. मोडेम तिसरीकडे. या तिघांचा एक उमेदवार झाला नाही, तर पहिल्या फेरीत मधली मतं फुटतील आणि दुसऱ्या फेरीत मधलं कुणी नसण्याची शक्यता खरी होईल. पलीकडे नॅशनल रॅलीकडे ल पेन यांच्यावरच्या मार्च २०२५ च्या अपात्रतेच्या निकालापासून जॉर्डन बार्देला हे दुसरं नाव तयार आहे. माझा अंदाज विचाराल तर रनेसाँस हे नाव फार काळ राहणार नाही, पण त्यातली माणसं राहतील. काही फिलीप यांच्या उजव्या बाजूला, काही समाजवाद्यांकडे परत. म्हणजे २०१७ मध्ये जो माल दोन्ही दुकानांतून उचलला होता तो हळूहळू मूळ जागी जाईल. तसं झालं तर फ्रान्ससाठी ते वाईट नाही, कारण मग नाकारता येईल असं सरकार आणि निवडता येईल असा विरोधक, दोन्ही पुन्हा मिळतील.

तोवर एक व्यावहारिक गोष्ट लक्षात ठेवा. सध्याच्या असेंब्लीची मुदत २०२९ पर्यंत आहे. एप्रिल-मे २०२७ मध्ये जो कुणी एलिझे या राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात जाईल, त्याला हेच तीन तुकड्यांचं सभागृह मिळेल. तो ते बरखास्त करेल हे जवळपास निश्चित धरा. पण एकदा बरखास्त केल्यावर वर्षभर पुन्हा करता येत नाही. म्हणून राष्ट्राध्यक्ष कोण झाला यापेक्षा त्या जूनमध्ये त्याला २८९ मिळाले की नाही, हे पाहा. मिळाले नाहीत, तर २०२८ चा अर्थसंकल्प ज्या शरद ऋतूत मांडला जाईल, तेव्हा याच विषयावर पुन्हा प्रश्न येतील.